गच्चीवर वाळत घातलेला समुद्र

ललिता ओव्हाळने जुबेदाचाचींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या गच्चीवर समुद्र वाळत घालत होत्या.

ते साल त्र्याण्णव. ललिता, तिचा नवरा सुखदेव आणि शाळकरी मुलगी मैत्री हडपसरला गाडीतळामागच्या तीन मजली इमारतीत नुकतेच राहायला आले होते. भांडी अजून खोक्यातच होती, पण मे संपत आला होता आणि कुरडया व्हायच्या राहिल्या होत्या. म्हणून घर लागायच्या आधीच ललिताने चीक शिजवला आणि सकाळी पातेलं, सोऱ्या आणि सुखदेवचं जुनं धोतर घेऊन गच्ची गाठली. पाहते तर उन्हाची सगळ्यात चांगली जागा कोणीतरी आधीच धरलेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल टाकून एक म्हातारी बसली होती. डोक्यावरून पदर, हातात कावळे हाकायची काठी. समोर गोधडी अंथरलेली आणि गोधडीवर दोन बोटं रुंदीची काळपट पट्टी वळणं घेत घेत पसरलेली. बाजूला तीन गोल पत्र्याचे डबे झाकणं काढून ठेवलेले. वास येत होता, कुबट आणि जरा आंबूस.

"हे काय हो?" ललिताने विचारलं.

"तुडवू नका. समुद्र आहे."

ललिता थबकली. पुण्यात थट्टा आणि पत्ता एकाच चेहऱ्याने सांगितला जातो, त्यामुळे हसावं की पाय मागे घ्यावा हे तिला कळेना. तिने पाय मागे घेतला. म्हातारीला ते आवडलं असावं. तिने पट्टीचं एक टोक अलगद दोन बोटांत धरून उन्हासमोर उचललं. "इकडून बघा. डोळा बारीक करून."

ललिताने पातेलं खाली ठेवून डोळा बारीक केला. नखाएवढे चौकोन एकाखाली एक लागले होते. तपकिरी धुकं, त्यात एक उभा खांब, खांबावर मुंगीएवढं काहीतरी.

"डोलकाठीवर चढलाय ना, तो माझा बाप," म्हातारी म्हणाली. "आता कुरडया घाला. गोधडीच्या पलीकडे जागा आहे. आणि दुपारी चहाला कोणाकडे जाणार? गॅस तर लागला नसेल तुमचा. दुसरा मजला, डावीकडे."

त्या दुपारच्या चहापासून ललिता चाचींकडे जायला लागली ती लागलीच. ती टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती. दिवसभर कानाला यंत्र लावून नागपूर, सोलापूर, मुंबई जोडून द्यायची. माणसं आवाजाने ओळखायची तिला सवय. चाचींनी हे ऐकलं आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "म्हणजे तुझ्याकडे नुसता आवाज, माझ्याकडे नुसतं तोंड. आपलं जमेल."

नुसतं तोंड म्हणजे काय, ते ललिताला हळूहळू कळत गेलं.

चाचींचे वडील दादामियाँ शिकलगारांच्या घरातले. शनिवार पेठेच्या नदीकडच्या अंगाला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. तलवारी, कट्यारी आणि सुऱ्यांना धार लावणं हा पिढ्यांचा धंदा. तलवारी गेल्या तशा कात्र्या आल्या, अडकित्ते आले, पण हात तलवारीचाच राहिला. तो मूकपटांचा काळ होता. पुण्यातल्या एका सिनेमा कंपनीने समुद्रातल्या लढायांचा चित्रपट काढायला घेतला, 'तुफानी तांडेल' नावाचा. त्यांच्या तलवारी गंजल्या होत्या म्हणून दादामियाँना बोलावणं गेलं. त्यांनी एक तलवार साफ केली आणि तोल बघायला हवेत दोनदा फिरवली. ते फिरवणं कंपनीच्या मालकाने पाहिलं. आठ दिवसांत दादामियाँ तांडेल, म्हणजे जहाजाचा म्होरक्या आणि सिनेमाचा नायक, झाले. माणूस बोलतो कसा, हे कोणी विचारलं नाही. तेव्हाच्या सिनेमात ते लागतच नसे.

"विचारलं असतं तर गंमत होती," चाची म्हणाल्या. "अब्बा अडखळत बोलायचे. एवढं, की 'पाणी दे' म्हणेपर्यंत आई पाणी घेऊन आलेली असायची."

गोष्ट अशी होती, की समुद्री चाचे एका तांडेलाचं जहाज धरतात आणि त्याला वल्ह्याला जुंपतात. तो बेड्या तोडतो, दातांत तलवार धरून डोलकाठीवर चढतो, दोरावरून झोके घेतो, एकटा वीस जणांना भारी पडतो. आणि सगळ्यात शेवटी वल्ह्याला बांधलेल्या माणसांसमोर उभा राहून मोठं भाषण करतो, की उठा, हा दर्या तुमचा आहे. चाचींनी हा सिनेमा एकदाच पाहिला, नदीकाठच्या तंबूत, आईच्या मांडीवर बसून. पाच वर्षांच्या असतील. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या मोठ्याने वाचायचा. दादामियाँचे ओठ हलायचे आणि तो माणूस खणखणीत आवाजात म्हणायचा, "भाइयो, उठो!" लोकांनी टोप्या उडवल्या.

"मला काय कळतंय? मला वाटलं, तो आवाज अब्बांचाच. अब्बांना नीट बोलता येतं, घरी मुद्दाम बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करत होते. मी म्हटलं, अब्बा, तसं बोला ना, काल बोलला तसं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. 'भ'वर अडकले ते अडकलेच. गळ्याच्या शिरा वर आल्या. आईने येऊन मला उचलून नेलं."

हे सांगून चाचींनी कप विसळले. पुढचं त्या पाठमोऱ्या बोलल्या.

"एवढंच बघायचंय मला. तिथे ऐकायला कोणी नव्हतं. आवाज घेतच नव्हते. मग तरी अब्बा सरळ बोलत होते की तिथेपण अडकत होते? ओठांवरून कळतं, ललिता. मी जन्मभर ते ओठ बघितलेत. एकदा पाहिलं की मला कळेल."

पुढच्याच वर्षी सिनेमा बोलायला लागला. कंपनीने दादामियाँना त्या नव्या यंत्रासमोर उभं केलं आणि एक वाक्य म्हणायला सांगितलं. ते घरी आले आणि त्यांनी धार लावायचं चाक पुन्हा बाहेर काढलं. ते पाठीवर घेऊन पेठांतून फिरायला लागले. पण फिरतीच्या धंद्याला आरोळी लागते. म्हणून जुबेदा बरोबर जायची. बाप पुढे, चाक पाठीवर, आणि मागून परकराचा ओचा सावरत ती पोर गल्लीत ओरडायची, "धारवालेऽ! सुऱ्या, कात्र्या, अडकित्तेऽ!" वरच्या खिडकीतून कोणीतरी म्हणायचंच, "काय तांडेल, जहाज कुठे लावलंत?" दादामियाँ हसायचे आणि चाकाला पाय लावायचे. चाकाच्या आवाजात बोलायची वेळ येत नसे.

कंपनी बुडाली तेव्हा जुन्या फिल्मा बांगड्यावाल्यांना विकायला काढल्या होत्या. त्या वितळवून बांगड्या करत. दादामियाँनी हात जोडून आपले तीन डबे मागून घेतले आणि टांग्यातून घरी आणले. त्या वर्षी पावसाळ्याआधी आईने मिरच्या, गहू, गाद्या असं सगळं उन्हात घातलं, तेव्हा डब्यांतली पट्टीही घातली. घरात जे टिकायला हवं त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, हे काही कोणी कोणाला शिकवावं लागत नाही. आई गेली, अब्बा गेले, चाची लग्न होऊन भवानी पेठेत गेल्या, मुलाबरोबर हडपसरला आल्या. डबे बरोबर आले, आणि त्यांचं ऊनही.

"कुठे लावून नाही बघितलं?" ललिताने एकदा विचारलं.

"एका थेटरवाल्याकडे घेऊन गेले होते, माझा अझीम तेव्हा शाळेत होता. त्याने वास घेतला आणि म्हणाला, बाई, हे लावलं तर माझं थेटर जळेल. किती शहाणा! नाही लावायचं तर नाही म्हण, बापाच्या सिनेमाला नावं कशाला ठेवतोस? तेव्हापासून कोणाकडे नेलं नाही."

वर्षं गेली. इमारतीच्या गच्चीवर थाळीसारखी अँटेना आली आणि केबलच्या काळ्या वायरी कठड्यांवरून लोंबायला लागल्या. एका मे महिन्यात केबलवाला गोधडीजवळ येऊन म्हणाला, "मावशी, ही कुठल्या चॅनलची वायर?" चाची म्हणाल्या, "तुझ्या चॅनलच्या आजोबाची. हात लावू नकोस." गल्लीत एसटीडीचे बूथ झाले, मग लोक घरूनच मुंबई लावायला लागले आणि ललिताला ट्रंकच्या खुर्चीवरून उठवून तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे आवाज तेच होते, फक्त चिडलेले. तिची मुलगी मैत्री दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंगला गेली. हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. अझीमच्या कारखान्यात परदेशी मशिनं आली आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांना स्वेच्छेने निवृत्त व्हायला सांगितलं. स्वेच्छा कोणाची, हे त्याने घरी कधी सांगितलं नाही.

आणि दर मे महिन्यात एका सकाळी चाची काठी घेऊन गच्चीवर बसायच्या. गुडघे दुखायला लागल्यावर डबे ललिता वर नेऊन द्यायची. दुपारी चाची नमाजला खाली उतरल्या की कावळे हाकायला तीच बसायची. पट्टी आता पूर्वीसारखी उलगडत नव्हती. ताणली की मोडायची. चाचींनी मग उलगडणं सोडलं. झाकणं काढून डबेच उन्हात ठेवायच्या. "गूळ कसा पावसाळ्यात चिकटतो आणि उन्हात सुटतो, तसं आहे," त्या म्हणायच्या.

दोन हजार एक साली अझीमने जागा विकायचं ठरवलं. वाघोलीला नवीन सोसायटीत फ्लॅट घेतला. मुलीचं, आयेशाचं कॉलेजही तिकडेच होतं. सामान आवरताना त्याने डबे दाराबाहेर ठेवले, आणि त्यावरून मायलेकांचा आवाज ललिताच्या मजल्यापर्यंत आला.

"अम्मी, कपाटाला वास लागलाय. कपड्यांना लागलाय. आयेशाला रोज डोकं दुखतं."

"मग आयेशाला सांग, पणजोबाचा वास आहे."

"वाघोलीला गच्ची लॉक असते. सोसायटीचा नियम आहे. ऊन कुठे दाखवणार?"

ललिता खाली आली तेव्हा त्या दाराबाहेर डब्यांशेजारी पायरीवर बसल्या होत्या. मैत्री मागून आली. ती त्या वर्षी नोकरीला लागली होती आणि कुठल्याही अडचणीला तिच्याकडे कॉम्प्युटर हे उत्तर असे.

"दादी, टेन्शन कशाला घेता? आता सगळं डिजिटल होतं. जुन्या फिल्म सांभाळणारी संस्था आहे पुण्यात. माझ्या टीम लीडचा भाऊ तिथेच आहे. ते फिल्म क्लीन करतात, स्कॅन करतात आणि सीडी देतात. टीव्हीवर लावायची की झालं."

"पॉज करता येतं?" चाचींनी विचारलं. हा शब्द त्यांनी आयेशाकडून उचलला होता.

"पॉज, झूम, स्लो मोशन, सगळं."

"तोंड मोठं करून बघता येईल?"

"स्क्रीनभर."

चाचींनी ललिताकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा ललिताने पाहिला नव्हता. तंबूत आईच्या मांडीवर बसलेल्या पोरीचा असावा तसा.

मैत्रीच्या ओळखीचा तो मुलगा पुढच्या रविवारी आला. श्रीनिवास त्याचं नाव, तिशीचा, बोलायला हळू. चाचींनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती. शेवयांचा शीरखुर्मा केला होता. डब्यांवर ओलं फडकं फिरवून ते टेबलावर मांडले होते आणि शेजारी उदबत्ती लावली होती.

श्रीनिवास आत आला, त्याने नाकाने वास घेतला आणि दारातच थांबला. "आधी ती उदबत्ती विझवता का, प्लीज? आणि गॅस चालू असेल तर तोही."

उदबत्ती विझवली. त्याने टेबल खिडकीशी ओढलं, वर्तमानपत्र अंथरलं, हातात पांढरे मोजे घातले. चाची खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. अझीमही बनियनवर शर्ट चढवून येऊन उभा राहिला.

पहिल्या डब्याचं झाकण उघडलं. आत तपकीर असावी तशी भुकटी होती. श्रीनिवासने ते झाकण परत अलगद लावलं.

दुसऱ्या डब्यात काकवी सांडून वाळावी तसा चकाकणारा गोळा होता. त्याने बोटाने हळूच दाबलं, बोटाला चिकटलं.

"हा मशिनमध्ये सुटेल ना?" चाचींनी विचारलं.

"बघतो हं, आजी."

तिसरा डबा त्याने जास्त वेळ पाहिला. वरचे थर कडक झाले होते. ते त्याने चिमट्याने एकेक करून बाजूला काढले. ते काढताना मोडत होते. मध्यावर, अगदी आत, काही वेढे मऊ होते. ते त्याने कापून एका कागदावर ठेवले आणि त्यातला एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

खाली गाडीतळावर बसच्या कंडक्टरची घंटी वाजली.

"भाषण आहे का?" चाची म्हणाल्या. "माणसं बसलेली आणि एक उभा?"

"नाही, आजी. पाणी आहे."

"पाणी?"

"नुसतं पाणी. माणूस कोणी नाही यात."

चाचींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मी दर वर्षी ऊन दाखवायची. एक वर्ष चुकवलं नाही. ललिताला विचारा."

श्रीनिवासने मान वर केली. त्याचे डोळे एकदा गच्चीच्या दिशेने, एकदा ललिताकडे गेले. मग तो मोजे काढत म्हणाला, "चांगलं सांभाळलंत तुम्ही. सत्तर वर्षांची फिल्म आहे. तिचं वयच झालं होतं."

शीरखुर्मा त्याने वाटीभर खाल्ला. तो कागद आणि तिन्ही डबे त्याने बरोबर नेले, कारण ते घरात ठेवणं बरं नव्हतं. त्या पाण्याचा फोटो करून देतो म्हणाला. ललिता त्याला सोडायला खाली गेली. जिन्यात तो थांबला.

"काकू, आजी हे खरंच उन्हात ठेवायच्या?"

"दर मे महिन्यात."

"ही जुन्या प्रकारची फिल्म आहे. थंडगार खोलीत ठेवली तर शंभर वर्षं राहते. उष्णता लागली की सडते. पेटतेसुद्धा, नुसत्या उन्हाने. गच्चीवर तुमचं नशीब चांगलं होतं." त्याने डबे मोटरसायकलच्या मागे बांधले. "त्यांना नका सांगू."

ललिताने मान हलवली. वर जाताना दर पायरीवर तिला ती गोधडी दिसत होती आणि काठी घेऊन बसलेली ती स्वतः दिसत होती. थेटरवाल्याचं वाक्यही आठवलं. तो खरं तेच बोलला होता.

वर चाची वाट्या उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. खोटं बोलायला शिकलेला नाही." ललिताने कान टवकारले, पण त्या पुढे म्हणाल्या, "शीरखुर्मा आवडला नव्हता त्याला. कसा गिळत होता बघितलंस?"

पंधरा दिवसांनी फोटो आला. हातभर लांब, काळापांढरा, चौकटीसकट. लाटा होत्या, बारीक बारीक. पाण्याच्या मागे, क्षितिजाच्या जागी, एका डोंगराची आडवी रेघ होती. अझीमने चष्मा वर करून पाहिलं.

"अम्मी, हा तर सिंहगड."

सगळ्यांनी पुन्हा पाहिलं. सिंहगडच होता. खडकवासल्याच्या पाण्यात दोन होड्या फळ्यांनी जोडून त्यावर जहाज उभं केलं होतं, आणि चाच्यांच्या भर समुद्रामागे सिंहगड आपला निवांत बसला होता. कंपनीतल्या कोणाच्या ते लक्षात आलं नसावं, किंवा आलं असेल आणि चालतंय म्हटलं असेल.

चाची हसल्या. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. "अब्बांना मी विचारलं होतं, समुद्राचं पाणी खारं असतं का. ते म्हणाले, ग… ग… गोड होतं. मला वाटायचं, बोलता येत नाही म्हणून सोपा शब्द सांगतात." हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि फोटो उलटा करून मांडीवर ठेवला.

त्या महिनाअखेर त्या वाघोलीला गेल्या. टेम्पोत चढताना ललिताला म्हणाल्या, "येत जा. लांब नाही." ललिता म्हणाली, येते. वाघोली लांबच होती. दोन बस बदलाव्या लागत. ती दिवाळीत एकदा गेली. फोटो भिंतीवर लावलेला होता, टीव्हीच्या वर. शेजारणीने विचारलं, कुठला हो हा, तर चाचींनी सांगितलं, समुद्र आहे.

पुढचा मे आला. ललिता कुरडया घालून गच्चीवरून खाली आली, तोच घरातला फोन वाजत होता.

"ललिता, कुरडया घातल्यास?"

"आत्ताच, चाची. तुमची जागा मोकळी होती, तिथेच घातल्या."

"बरं केलंस. मी काय म्हणते, गोधडीचा रंग उन्हाने उडतो ना?"

"उडतो."

"मिरचीचा पण उडतो. फार दिवस ठेवली की पांढरी पडते. लोणच्याची बरणी जास्त ठेवली तर तेलाला वास येतो."

"हो."

"मग मला सांग. फिल्मला ऊन नव्हतं दाखवायला पाहिजे, ना?"

ललिताने आयुष्यभर तारेवर माणसं बोलती ठेवली होती. लाइनवर शांतता पडू द्यायची नाही, हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. होल्ड करा, लावते, बोला, असं काहीतरी म्हणत राहायचं. ती तोंड उघडून उभी राहिली. 'तसं काही नाही' म्हणायला तिने सुरुवातही केली, पण 'त'च्या पुढे जाईना. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता आणि चाचींचा श्वास.

"ठीक आहे," शेवटी चाचीच म्हणाल्या. "तुझं तोंड दिसत नाही, पण कळलं."

"चाची…"

"अगं, राहू दे. तू तरी काय करणार? आई पण ऊनच दाखवायची. आणि आई अब्बांवर फार जीव टाकायची." फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "तुझ्या कुरडया मात्र नीट वाळव. त्यांना चालतं."

त्या रात्री सुखदेवने विचारलं, आज गप्प का? ललिताने सांगितलं, काही नाही, घसा बसलाय.

दादामियाँ पडद्यावर अडखळत होते की नव्हते, ते आता कोणाला कळायचं नाही. चाचींनी हा प्रश्न पुन्हा काढला नाही. ललिताने एकदा धीर करून म्हटलं, "चाची, मला वाटतं, तिथे ते सरळच बोलत असतील." चाचींनी तिचा हात थोपटला, लहान मुलाने काही सांगितलं की थोपटावा तसा, आणि आयेशाला चहा टाकायला सांगितलं.

वाघोलीच्या त्या सोसायटीत आता गच्ची उघडी असते. उन्हाळ्यात बायकांना वाळवणाला किल्ली मिळते, अझीम स्वतःच त्यासाठी भांडला होता. जुबेदाचाची ऐंशीच्या पुढे आहेत. चौथ्या मजल्यावर राहतात, लिफ्टने दुपारी खाली येऊन बाकावर बसतात. उन्हात काहीच घालत नाहीत. पापड, कुरडया, तिखट, सगळं विकतचं आणतात.